मधले मजले उघडे पडलेत का, ते बघा
विश्रामबागेतल्या सात मजली इमारतीच्या एनर्जी मॉडेलमध्ये मधल्या मजल्यांचा कूलिंग लोड (थंड ठेवायला काढावी लागणारी उष्णता) अवाच्या सवा येतोय म्हणालात. आधी सरफेस मॅचिंग, म्हणजे खालच्या मजल्याचं छत वरच्याच्या फरशीशी जोडलंय का, ते तपासा. मजले एकावर एक चढवले तरी एनर्जीप्लस (इमारतीच्या ऊर्जेचं गणित करणारं सॉफ्टवेअर) ते आपोआप जोडत नाही; प्रत्येक स्लॅब बाहेरच्या हवेला उघडा धरला जातो, आणि सांगलीचा एप्रिल तुम्हाला माहीतच आहे! ओपनस्टुडिओत (एनर्जीप्लसचं मॉडेल बनवायचं साधन) आधी इंटरसेक्ट, म्हणजे एकमेकांना टेकलेले पृष्ठभाग सारख्या आकारात कापणं, मग मॅच, म्हणजे त्यांच्या जोड्या लावणं. बाउंड्री कंडिशनप्रमाणे (पृष्ठभागाच्या पलीकडे काय आहे त्याप्रमाणे) रंग लावून बघा: जुळलेली छतं हिरवी, राहिलेली निळी.

मॉडेलमध्ये सगळे मजले रेखाटूच नका. तळमजला, एक मधला, एक वरचा. मधल्याला मल्टिप्लायर 5 (म्हणजे तो पाच मजल्यांइतका मोजला जातो) आणि त्याची फरशी-छत अ‍ॅडियाबॅटिक, म्हणजे त्यातून उष्णता आरपार जात नाही असं धरायचं. शेजारच्या इमारतीची सावली फक्त खालच्या मजल्यांवर येत असेल तर मात्र हे टाळा. मिरजेच्या कामात माझं तिथंच चुकलं होतं.