प्रति: खिशातला घडीचा चाकू कोणता घ्यावा?

तुम्ही विचारलेला ओपिनेल ८ कार्बन (फ्रेंच घडीचा चाकू, ८ हा आकाराचा नंबर, पातं कार्बन पोलादाचं) चांगलाच आहे. धार सुरेख लागते. पण तुम्ही ठाणे-ऐरोली रोज ये-जा करणार, त्यात खाडीची हवा आणि चार महिने पावसाळा. लिंबू किंवा कैरी कापून पुसायचं राहिलं की कार्बनच्या पात्यावर लगेच काळे डाग पडतात. तोच आयनॉक्स, म्हणजे स्टेनलेस पात्याचा घ्या. मूठ मात्र दोन्हींची लाकडीच, पावसात फुगते आणि पातं इतकं घट्ट बसतं की नखाने निघत नाही. सांध्यात थोडं खनिज तेल सोडावं. खाद्यतेल नको, चिकट होतं.

तुम्ही लिहिलेलं ते '४ इंच, लॉकवाला, एका हाताने उघडणारा' प्रकरण कशाला, हे मला कळलं नाही. फळं, खोकी, सुतळी यांना ओपिनेलच्या ६ नंबरचं ७ सेंमी पातं पुरतं. नाहीतर व्हिक्टोरिनॉक्स स्पार्टन हा स्विस चाकू. त्याला लॉक नाही, कात्रीही नाही, पण कात्रीची गरज नसेल तर उत्तम.

आणि ९ इंचांखालच्या पात्याला परवाना लागत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. ठाणे, नवी मुंबईत पोलीस अधूनमधून महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रं बाळगण्यावर मनाई आदेश काढतात, त्यांत सुऱ्याही येतात. मॉलच्या दारात तर वाद घालूच नका.