लीग कप २०१३: वेम्बलीची वाट कोणाची खडतर, ब्रॅडफर्डची की स्वान्सीची?

जुना राइट बॅक

इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या २०१२-१३ च्या लीग कपचा विषय निघाला की कौतुक फक्त ब्रॅडफर्ड सिटीचं होतं. चौथ्या स्तरावरचा संघ, आणि विगन, आर्सेनल, ॲस्टन व्हिला अशा प्रीमियर लीगमधल्या, म्हणजे सर्वोच्च स्तरावरच्या, तीन क्लबांना घरी पाठवून वेम्बलीला, म्हणजे फायनलला पोचला. झालं ते भारीच. पण फायनलला समोर स्वान्सी सिटी होती आणि तिला कोणी पुढे चाल दिली नव्हती. मला विचाराल तर तिथवरचा जास्त दमदार प्रवास स्वान्सीचा. फायनलचा ५-० हा निकाल बघून मला तरी आश्चर्य वाटलं नाही.

ब्रॅडफर्ड पहिल्या फेरीपासून खेळले, त्यामुळे फायनलआधी त्यांचे सात सामने झाले. त्यातले नव्वद मिनिटांत जिंकले किती? दोन. वॉटफर्डला २-१ आणि व्हिलाला घरच्या मैदानावर ३-१. नॉट्स काउंटी आणि बर्टनविरुद्ध जादा वेळ लागला, विगन आणि आर्सेनलविरुद्ध पेनल्टी शूटआउट, आणि व्हिलाकडचा परतीचा सामना तर १-२ हरलेच. उपांत्य फेरीचे दोन्ही सामने मिळून ४-३ झालं म्हणून निभावलं.

स्वान्सी दुसऱ्या फेरीत उतरले. सहा सामने, पाच विजय, एक बरोबरी. जादा वेळ एकदाही नाही. लिव्हरपूल गतविजेते होते, त्यांना ॲनफिल्डवर जाऊन ३-१ हरवलं. चेल्सी तेव्हा युरोपचे विजेते, त्यांना स्टॅमफर्ड ब्रिजवर २-०. उपांत्यपूर्व फेरीपासून फायनलपर्यंत एक गोल खाल्ला नाही.

आणि व्हिला? ८ जानेवारीला ते ब्रॅडफर्डला आले, त्याच्या सोळा दिवस आधी चेल्सीने त्यांना ८-० असं धुतलं होतं. मोडक्या दाराला लाथ मारली तर ते उघडणारच.

टॅकलवाली

त्या मोडक्या दारात व्हिलाचा स्ट्रायकर बेंटेके उभा होता हो!

आकडे बरोबर आहेत तुमचे, तराजू चुकलाय. स्वान्सी आणि चेल्सी एकाच लीगमध्ये दर मोसमात दोनदा भेटायचे. ब्रॅडफर्ड आणि आर्सेनलमध्ये तीन पायऱ्यांचं अंतर होतं. जेम्स हॅनसन हा त्यांचा सेंटर फॉरवर्ड पूर्वी सुपरमार्केटमध्ये फळ्यांवर माल लावायचा. गायझलीसारख्या छोट्या क्लबकडून तो ७,५०० पौंडांत आला होता. व्हिला पार्कवर परतीच्या सामन्यात हेडरने गोल मारला तो त्यानेच, आणि फायनलचं तिकीट त्या गोलावर निघालं.

आता कोणी म्हणेल की आर्सेनलने पोरंटोरं खेळवली. नाही. विल्शर, काझोर्ला, पोडोल्स्की, मेर्टेसॅकर, सगळे मैदानात होते. १६ व्या मिनिटाला ब्रॅडफर्डच्या थॉम्पसनने गोल केला आणि आर्सेनलला बरोबरी साधायला ८८ वं मिनिट उजाडलं. चौथ्या स्तरावरच्या संघाने अशा आर्सेनलला १२० मिनिटं रोखलं, हा माझ्या लेखी विजयच. पेनल्टी त्यानंतरच्या.

पांढरा मफलर

परीकथा फक्त ब्रॅडफर्डचीच का म्हणे? २०००-०१ मध्ये ब्रॅडफर्ड प्रीमियर लीगमध्ये होते आणि स्वान्सी तिसऱ्या स्तरावरून खाली घसरत होते. मे २००३ मध्ये तर लीगमधूनच बाहेर फेकले जायची वेळ आली होती. शेवटच्या दिवशी हल सिटीला ४-२ हरवलं म्हणून टिकले. पुढे चाहत्यांच्या ट्रस्टने क्लबचा सुमारे पाचवा हिस्सा आपल्याकडे ठेवला, पायरी पायरी करत २०११ मध्ये वर आले, आणि शंभराव्या वर्षाच्या मोसमात पहिला मोठा इंग्लिश कप.

अजून एक. लिव्हरपूलचा मॅनेजर होता ब्रेंडन रॉजर्स. त्याच उन्हाळ्यात स्वान्सी सोडून गेलेला. स्वान्सीचा नवा मॅनेजर लाउड्रपने त्याच्याच नव्या घरी जाऊन त्याला बाहेर काढलं. लिव्हरपूलचा सुआरेझ हाफटाइमला उतरला, गोलही केला त्याने, पण उपयोग काय?

टॅकलवाली

२००३ ची गोष्ट सुंदर आहे, पण २०१३ च्या कपमध्ये तिचे गुण कसे धरणार? तसं असेल तर ब्रॅडफर्डचंही मोजा: २००२ आणि २००४, दोनदा क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर जाऊन प्रशासकाच्या ताब्यात.

आणि स्वान्सीची सोडत जरा नीट बघा. बार्न्सली घरी. क्रॉली टाउनकडे ३-२, तेही कसंबसं. मिडल्सब्रा घरी, १-०, आणि तो एकमेव गोल मिडल्सब्राच्याच खेळाडूने आपल्या जाळ्यात मारलेला. चेल्सीविरुद्धच्या पहिल्या सामन्यात त्यांचा बचावपटू इव्हानोविच याच्या चुकांनी गोल आंदण दिले. म्हणजे तुमच्या दमदार प्रवासातून दोन रात्री उरतात, ॲनफिल्ड आणि स्टॅमफर्ड ब्रिज.

साइडलाइन

मी दोघांपैकी कोणाचाच नाही, पण राइट बॅक, तुम्ही पेनल्टी शूटआउटला नशीब समजून बाजूला ठेवताय ते पटत नाही. आर्सेनलविरुद्धचा तो ब्रॅडफर्डचा सगळ्या स्पर्धा मिळून सलग नववा शूटआउट विजय होता. नऊ! एकदा नशीब, दोनदा नशीब, पण नवव्यांदा? ब्रॅडफर्डवाले चेंडू ठेवून शांतपणे मारायचे, समोरच्यांचे पाय जड व्हायचे. काझोर्ला, शमाख, व्हेर्मालेन असे तीन चुकले. याचा सराव करता येतो आणि त्यांनी तो केला असणार.

शिवाय ज्या विगनला त्यांनी शूटआउटमध्ये काढलं, त्याच विगनने मेमध्ये मँचेस्टर सिटीला १-० हरवून एफए कप जिंकला.

जुना राइट बॅक

आणि त्याच आठवड्यात विगन प्रीमियर लीगमधून खालीही गेले, तेही सांगा की. अर्धवट दाखला नको.

टॅकलवाली, मिडल्सब्राचा स्वयंगोल मान्य. पण चेल्सीच्या चुका 'आंदण' कशा? पुढून दाब टाकल्याशिवाय इव्हानोविचसारख्याचा पाय चुकत नाही. पहिला चेंडू स्वान्सीच्या मिचूकडे आला तेव्हा त्याने एका स्पर्शात जागा काढली आणि दुसऱ्यात गोल. दुसरा गोल डॅनी ग्रॅहमचा. मग परतीच्या सामन्यात नव्वद मिनिटं दार बंद. वैतागून चेल्सीचा एडन हझार्ड बॉलबॉयच्या अंगाखालचा चेंडू लाथेने काढायला गेला आणि लाल कार्ड घेऊन बसला. यापेक्षा मोठी पावती कुठली हवी?

ऑफसाइड

फायनलमध्ये ३-० पुढे असताना पेनल्टी कोण मारणार यावरून स्वान्सीचे डायर आणि डी गुझमान भांडत होते, हे कोणीच कसं लिहिलं नाही? ब्रॅडफर्डचा गोलकीपर ड्यूक याला लाल कार्ड, त्यांचे दहाच उरलेले, आणि यांचं भांडण डायरच्या हॅटट्रिकसाठी. शेवटी मारली डी गुझमानने. तो सामना मला तेवढाच आठवतो.

पांढरा मफलर

डायरला मारू द्यायला हवी होती. अजून राग येतो.

जुना राइट बॅक

शूटआउटबद्दलचं मागे घेतो, नऊ हा आकडा खरंच जड आहे. व्हिलाबद्दलचं मात्र नाही. आठ गोल खाल्लेली ती पोरं आत्मविश्वास घरी ठेवूनच ब्रॅडफर्डला आली होती. ३-१ मध्ये मॅकार्डल आणि मॅकह्यू या दोन बचावपटूंचे गोल, याचा अर्थ व्हिलाला साधे कॉर्नर आणि फ्री किकही सांभाळता येत नव्हत्या.

टॅकलवाली

बचावपटू पुढे जाऊन गोल करतात यात तुम्हाला व्हिलाचा दोष दिसतो, मला मॅकार्डलचं डोकं दिसतं. असो. ५-० नंतर तीन महिन्यांच्या आत ब्रॅडफर्ड पुन्हा वेम्बलीवर होते, बढतीच्या प्लेऑफ फायनलला. नॉर्दम्प्टनला ३-० हरवलं, आणि पहिला गोल हॅनसनचा. त्या दिवशी मात्र नव्वद मिनिटं पुरली, राइट बॅक.