एसआय जॉइंटमध्ये पीआरपी : आधी दुखणं कुठलं ते तरी ठरवा

पायवाट :
काल निर्झर यांनी लिहिलं, ‘एसआय जॉइंटला ऑपरेशन लागतच नाही. स्वतःच्या रक्तातलं पीआरपी टोचून घेतलं की झिजलेले लिगामेंट पुन्हा तयार होतात. मी बरी झाले, तुम्हीही व्हाल. डॉक्टर मुद्दाम सांगत नाहीत.’ (एसआय म्हणजे सॅक्रोइलियाक, पाठीच्या कण्याचं खालचं टोक आणि कमरेचं हाड जोडणारा सांधा; लिगामेंट म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे; पीआरपी म्हणजे रक्त फिरवून वेगळा काढलेला, प्लेटलेट जास्त असलेला भाग.) हे वाचून रात्री झोप लागली नाही. अशाच वाक्यावर विसंबून मी दीड वर्ष घालवलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं दुखणं उजव्या बाजूला, कमरेच्या खळीच्या जरा खाली. एका बोटाने दाखवता येईल एवढीच जागा. खुर्चीतून उठताना कळ, झोपेत कूस बदलताना कळ, जिन्यावर उजवा पाय टाकला की कळ. एमआरआयमध्ये मणक्यांमधली गादी थोडी बाहेर आलेली दिसली, म्हणून वर्षभर गादीवरच उपचार झाले. मग एका ठिकाणी पाच मिनिटं तपासून सांगितलं, ‘एसआय आहे, पीआरपी करून टाकू.’ पालथं झोपवलं, अंगठ्याने चाचपलं आणि सुई घातली. ना सी-आर्म (सुई कुठे जाते ते एक्स-रेवर दाखवणारं यंत्र), ना सोनोग्राफी. महिन्या-महिन्याने तीन वेळा. पेनकिलर आधी बंद करायच्या असतात हेही कुणी बोललं नाही, त्या दिवशी सकाळीसुद्धा मी गोळी घेतली होती. फरक काहीच नाही.

नंतर वाचलं, की अशी नुसती चाचपून दिलेली सुई सांध्यात जाते का हे 2000 सालच्या एका अभ्यासात सीटी स्कॅन करून पाहिलं होतं. 22 टक्के वेळा गेली! हा सांधा खोल आहे, वाकडातिकडा आहे, त्याची फट अरुंद आहे. माझं रक्त कुठे जाऊन पडलं देव जाणे.

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दुखणं त्या सांध्याचंच आहे हे कुणी सिद्धच केलं नव्हतं. फिजिओ ज्या ताण देऊन बघायच्या चाचण्या करतात, त्यातली एखादी दुखली तर काही ठरत नाही. तीन किंवा जास्त दुखल्या तर संशय पक्का होतो. मग सी-आर्मखाली सांध्यात फक्त भुलेचं औषध सोडायचं. तेवढ्या वेळापुरतं दुखणं निम्म्याहून कितीतरी कमी झालं, तर सांधा दोषी. माझ्यावर हे सगळं पीआरपीनंतर झालं, आणि भुलेने मला काडीचा फरक पडला नाही. माझं दुखणं एसआयचं नव्हतंच.

निर्झर, ‘लिगामेंट पुन्हा तयार होतात’ हे तुम्ही कशावरून लिहिलंत? दुखणं कमी होणं वेगळं आणि लिगामेंट नव्याने उगवणं वेगळं.

निर्झर :
तुमची सुई चुकली, निदान चुकलं, आणि राग माझ्यावर? दुसऱ्या बाळंतपणानंतर मी अकरा महिने एका कुशीवर झोपले. बाळाला पाळण्यातून उचलताना किंचाळायचे. स्टिरॉइड दोनदा घेतलं, दोन्ही वेळा सहा आठवड्यांत दुखणं परत हजर. मग सांध्यात भूल देऊन खात्री केली (हो, माझी केली होती), दहा दिवस पेनकिलर बंद ठेवल्या आणि सी-आर्मखाली पीआरपी घेतलं. पहिले चार दिवस जास्त दुखलं. चौथ्या महिन्यात मी जमिनीवर मांडी घालून बसले. ही माझी कंबर आहे, जाहिरात नाही.

पुरावा हवाय ना? 2017 चा अभ्यास आहे, 40 रुग्णांचा. तीन महिन्यांनी दुखणं निम्म्याने तरी कमी झालेले रुग्ण पीआरपीच्या गटात 90 टक्के, स्टिरॉइडच्या गटात 25. प्रोलोथेरपीचा, म्हणजे डेक्स्ट्रोजच्या इंजेक्शनचा, 2010 चा अभ्यास घ्या. पंधरा महिन्यांनी तेवढाच आराम टिकलेले रुग्ण प्रोलोथेरपीत 58.7 टक्के, स्टिरॉइडमध्ये 10.2. हे आकडे मी घरी बसून तयार केलेले नाहीत.

पायवाट :
अकरा महिने तुम्ही काय सोसलंत याबद्दल मला शंका नाही. पण 40 माणसं! आणि तुलना कशाशी, तर ज्याचा असर काही आठवड्यांत ओसरतो त्या स्टिरॉइडशी. नुसतं मिठाचं पाणी टोचून तुलना करा, मग बोलू. गुडघ्यासाठी 2021 मध्ये तशी केली होती, 288 लोकांवर. वर्षभराने पीआरपी आणि मिठाचं पाणी यांत दुखण्याचा म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

निर्झर :
गुडघा म्हणजे एसआय नव्हे. गुडघ्यात कूर्चा झिजलेली असते, माझे लिगामेंट बाळंतपणात सैल झाले होते. आणि पीआरपी म्हणजे काही एकच औषध नाही. कुणी प्लेटलेट तिप्पट करतं, कुणी पाचपट, कुणी पांढऱ्या पेशी ठेवतं, कुणी काढून टाकतं. सगळ्यांना एकाच मापाने कसं मोजता?

पायवाट :
हेच तर म्हणतोय! बाटलीत काय आहे हेच दर ठिकाणी वेगळं असेल, तर ‘तुम्हीही व्हाल’ हे वाक्य कुठल्या बाटलीबद्दल लिहिलंत?

वाटसरू :
तुम्ही दोघंही उगाच रक्त आटवताय. एसआय म्हणजे हाड सरकलेलं असतं, ते बसवलं की संपलं. माझं दर दोन-तीन महिन्यांनी सरकतं. आमचे हाड बसवणारे पाय धरून एक झटका देतात, टक् आवाज येतो, मी चालत घरी येतो. ना रक्त, ना मशीन.

अबोली :
मी बारा वर्षं फिजिओ आहे. मूळ विषय राहू द्या, मला आधी वाटसरूंना उत्तर द्यायचंय, कारण ‘हाड सरकलंय’ या दोन शब्दांनी जेवढी माणसं पांगळी झालेली मी पाहिलीत तेवढी सांध्याने झालेली नाहीत.

हा सांधा शरीरातल्या सगळ्यात दणकट लिगामेंटनी बांधलेला आहे. त्याची हालचाल दोन-चार अंश, एक-दोन मिलिमीटर. 1998 मध्ये दहा रुग्णांच्या हाडांत धातूचे बारीक मणी बसवून झटका देण्याआधी आणि नंतर एक्स-रेवर मोजमाप केलं. झटक्यानंतर हाताने केलेल्या तपासण्या ‘सुधारल्या’, पण हाडं होती तिथेच होती. सरकलेलंच नव्हतं, तर बसवलं काय?

वाटसरू :
मग मला बरं वाटतं ते काय खोटं? टक् आवाज काय खोटा?

अबोली :
बरं वाटणं खरं आहे, त्याचं कारण खोटं आहे. आवाज सांध्याच्या द्रवात वायूची पोकळी होते त्याचा, बोटं मोडतो तसाच. झटक्याने आखडलेले स्नायू थोडा वेळ सैल पडतात. म्हणूनच तर तुम्हाला दर दोन-तीन महिन्यांनी जावं लागतं. मांड्या, कुल्ला, पोट यांची ताकद वाढवली असती तर इतक्या फेऱ्या पडल्या नसत्या.

वाटसरू :
म्हणजे तुमच्याकडे फेऱ्या मारल्या असत्या. लोकांना हाताने आराम पडतो तो तुम्हाला बघवत नाही, कारण तुमच्या पोटावर पाय येतो.

अबोली :
माझ्या पोटाचं काढू नका. माझ्याकडे एक बाई येतात. ‘वाकलात तर पुन्हा सरकेल’ असं ऐकून त्या सहा वर्षं वाकल्या नव्हत्या. सहा वर्षं चपलेचा पट्टा नवऱ्याने लावला. पहिल्यांदा स्वतः वाकून पट्टा लावला त्या दिवशी त्या माझ्यासमोर रडल्या. त्यांच्या हाडांना काहीही झालेलं नव्हतं. असल्या सल्ल्याची भरपाई कोण करणार?

आणि निर्झर, पीआरपीनंतर तुम्ही व्यायाम केला होता का?

निर्झर :
केला. पाच महिने, रोज. फिजिओने सांगितलेला. लिहायला हवं होतं, मान्य.

पायवाट :
म्हणजे गुण पीआरपीचा की पाच महिन्यांच्या व्यायामाचा, हे तुम्हीही सांगू शकत नाही.

निर्झर :
नाही सांगू शकत. पण त्याआधी कळ एवढी होती की व्यायामाला पायच उचलत नव्हता, हे तुम्हीही मान्य करा.

पायवाट :
करतो. व्यायाम करता यावा म्हणून कळ उतरवायची, एवढ्यासाठी पीआरपीला माझी हरकत नाही. नवीन लिगामेंटचं वाक्य मात्र काढा.

चकोर :
इतका वेळ नुसता वाचत होतो. तुम्ही सगळे एसआय म्हणजे लचक किंवा सैल लिगामेंट असं धरून चाललात. माझा भाऊ 26 वर्षांचा. पहाटे तीन-चारला दुखण्याने जाग यायची, सकाळी तासभर कंबर लाकडासारखी. चाललं-फिरलं की मोकळा, झोपून राहिलं की पुन्हा ताठ. आज या कुल्ल्यात, पंधरा दिवसांनी त्या. त्यालाही ‘एसआय स्ट्रेन’ म्हणून दोनदा पीआरपी दिलं. कंबरेचा एमआरआय नॉर्मल होता, कारण त्यात एसआय सांधे नीट घेतलेच नव्हते.

शेवटी संधिवाततज्ज्ञाने फक्त त्या सांध्यांचा एमआरआय करायला लावला. दोन्हीकडे हाडाच्या आत सूज. एचएलए-बी27 ही या आजाराशी जोडलेली रक्ततपासणी पॉझिटिव्ह. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. हा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा आजार, त्यात प्लेटलेट टोचून काय होणार? आता बायोलॉजिक, म्हणजे ही प्रतिकारशक्ती आवरणारी, इंजेक्शनं चालू आहेत. मधली तीन वर्षं मात्र गेली ती गेलीच.

निर्झर :
हे मला माहीत नव्हतं. माझ्या लिखाणात वरतीच भर घालते : तरुण वय, सकाळचा ताठरपणा आणि हालचालीने आराम असेल तर आधी ही तपासणी. ‘तुम्हीही व्हाल’ आणि लिगामेंटचं वाक्य, दोन्ही काढते. माझा अनुभव काढणार नाही.

पायवाट :
अनुभव काढा असं मी म्हटलंच नव्हतं.

वाटसरू :
चकोर, एक विचारतो. माझा पुतण्या 24 चा आहे. सकाळी बूट घालताना खाली वाकता येत नाही, दहा वाजेपर्यंत ठीक होतो. रात्री उठून येरझाऱ्या घालतो. गेलं वर्षभर मीच त्याला दर महिन्याला हाड बसवायला नेतोय. कुणाला दाखवू?

चकोर :
संधिवाततज्ज्ञ. याच आठवड्यात. एसआय सांध्यांच्या एमआरआयबद्दल तिथे स्पष्ट विचारा. घरात कुणाचा डोळा वारंवार लाल होऊन दुखला असेल किंवा कुणाला सोरायसिस असेल तर तेही सांगा.

अबोली :
आणि तोवर झटका देणं बंद. तो आजार असेल आणि मणका कडक व्हायला लागला असेल, तर झटक्याने हाड मोडू शकतं. वाटसरू, हे मी भांडायला म्हणून लिहीत नाहीये.

वाटसरू :
कळलं. उद्या फोन करतो त्याच्या आईला.