प्रेरी डॉगच्या (अमेरिकेतल्या माळरानावरचा, बिळात राहणारा खारीच्या जातीचा प्राणी) शिकारीसाठी .२२३ काडतुसाची रायफलच घ्या
प्रेरी डॉगसाठी कुठली रायफल घ्यावी यावर कुणीतरी .२२-२५० (जास्त दारूचं काडतूस) वाली सुचवलीय, लांबवर ती भारीच, वाद नाही. पण प्रेरी डॉगच्या वसाहतीसमोर बसलं की दिवसाला दोनशे राउंड कधी उडाले कळत पण नाही, आणि तिची बॅरल एवढी तापते की बॉनेट उघडं ठेवून गाडी थंड करतात तसं बसून राहावं लागतं, वर लवकर झिजते ते वेगळंच. .२२३ रेमिंग्टनचं तसं नाही, काडतुसात दारू कमी लागते, खांद्याला धक्का जवळजवळ नाही, गोळ्या स्वस्त आणि कुठेही मिळतात. हेवी बॅरल बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची) रायफल, बायपॉड (टेकवायचे दोन पाय), ५० ग्रेनची (सव्वातीन ग्रॅमच्या आसपास) पॉलिमर टिपवाली गोळी, बास.

फक्त अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातला वारा विसरू नका राव! ताशी १० मैल आडवा वारा असला तरी ३०० यार्डावर गोळी वीतभर सरकते आणि उभा राहिलेला प्रेरी डॉग फुटभराचा, त्यात बारीक. .१७ एचएमआर (छोट्या काडतुसाची रायफल) सोबत असू द्या, १५० यार्डाच्या आत मजा येते. आणि तिथल्या कोनाटा बेसिनकडे जाऊ नका, प्रेरी डॉगवर जगणाऱ्या काळ्या पायांच्या फेरेटसाठी (मुंगसासारखा दुर्मीळ प्राणी) तिथे प्रेरी डॉगचं शूटिंग बंद आहे.