मदत हवी आहे : पॉलिसी भिंतीवर, वागणूक वेगळीच

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मी नऊ वर्षं क्वालिटीला आहे. मला कमी ऐकू येतं, मशीन लावते, दिव्यांग प्रमाणपत्र आहे. गेटजवळ 'सर्वांना समान संधी'चा बोर्ड आहे. दिव्यांग दिनाला त्याच्याखाली मला उभं करून फोटोही काढला. हार माझ्या गळ्यात, पेढे साहेबांच्या टेबलावर!

नवे मॅनेजर आल्यापासून सगळं फिरलं. सकाळची मीटिंग आता फोनवर घेतात, त्यात मला निम्मंच कळतं. "ठरलेलं नंतर लिहून पाठवा" म्हटलं, तर उत्तर आलं, "ताई, तुमच्यासाठी वेगळं ऑफिस काढू काय?" सगळे हसले. यंदा पगारवाढ नाही, कारण काय तर 'कम्युनिकेशन कमी'. माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा आता माझा सीनियर आहे. पोरगा चांगला आहे, त्याच्यावर राग नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण जाहीर करून त्याची प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची असते. एचआरकडे प्रत मागितली, तर "बोर्ड वाचा" म्हणाले.

पुण्याच्या दिव्यांग आयुक्तालयात खाजगी कंपनीविरुद्ध कुणी तक्रार केली आहे का? सुनावणीला दर वेळी पुण्याला जावं लागतं का? मीटिंगमधलं बोलणं तोंडी आहे, मग पुरावा म्हणून काय जोडू? नोकरी सोडायची नाही, घराचा हप्ता आहे. "जाऊ दे" सोडून काहीही सांगा, ते घरी रोज ऐकते, मशीन न लावताही.