तिसरी-चौथीला हाताने शिकवायला काय घेऊ? (चाळीसगाव तालुका)

शेवभाजी:
दोनशिक्षकी शाळा, तिसरी-चौथी एकत्र, २३ पोरं. परिसर अभ्यासात आदिमानव आला की जांभया सुरू. गेल्या वर्षी मातीची भांडी करायला घेतली, वाळताना सगळी तडकली, दोघी जणी रडल्या. तयार किट परवडत नाही. वस्तू, चित्रं, खेळ, काहीही सुचवा. आणि सहल कुठे काढू?

तापीकाठ:
अहो सर, तुम्ही तुमच्याच तालुक्यातल्या पाटण्याच्या दारात बसलाय! पाटणादेवीला सगळे जातात, पण त्याच पाटण्याच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघालेत, साधारण २५ हजार वर्षांपूर्वीचे. पोरांना तसेच मणी करायला लावा. अंडं नाही, नारळाची करवंटी घ्या. नखाएवढे तुकडे करा, बारीक गिरमिटाने भोक तुम्हीच पाडा. मग आठ-दहा तुकडे तारेत घट्ट ओवायचे आणि ओल्या दगडावर सगळे एकदम घासायचे. भोक आधी, गोलाई नंतर. आमच्याकडे उलटं केलं आणि निम्मे मणी भोक पाडतानाच फुटले.

कुंभारवाडा:
मातीत घोड्याची लीद नाहीतर चाळलेली राख मिसळा. सावलीत, ओल्या फडक्याखाली वाळवा. उन्हात ठेवली असणार तुम्ही.

धुळेकर_ताई:
राजवाडे संशोधन मंडळ, धुळे. १९२७ पासूनची संस्था आहे, वस्तुसंग्रहालय आहे. आधी फोन करून वेळ घ्या. सगळं दाखवत फिरू नका, प्रत्येकाने एकच वस्तू निवडून पंधरा मिनिटं तिचं चित्र काढायचं. पण मणी आधी, धुळे नंतर. हात दुखलेलं पोर काचेपलीकडची वस्तू वेगळ्याच नजरेने बघतं.

गणिताचा_मास्तर:
खेळ म्हणाल तर चल्लस-आठ. दोन चिंचोके मधून फोडले की चार फाका, एक बाजू पांढरी, एक काळी. चारही पांढऱ्या पडल्या तर चल्लस म्हणजे चार, चारही काळ्या तर आठ. शंभरदा टाकून फळ्यावर रेघा मारायला लावा. सोळा प्रकारांत दोन पांढऱ्या पडायचे सहा, आठ पडायचा एकच. आठासाठी एवढी हाणामारी का, ते पोरं स्वतःच सांगतात. फाका जरा वाकड्या असल्या की आकडे सरकतात, त्यावरून भांडणं होतील, होऊ द्या.

साधी_गोष्ट:
छान आहे सगळं, पण आधी वाचता येऊ दे. तपासणीला मणी कोण विचारतं?

तापीकाठ:
मणी कसा केला हे पोराला पाच ओळींत लिहायला लावा. तेच दाखवा तपासणीला.

शेवभाजी:
शनिवारी केलं. दोन तासांत ११ मणी, त्यातले चार बऱ्यापैकी गोल. एका पोरीने बोटाची साल काढून घेतली, तरी दगड सोडेना. चौथीतल्या एकाने विचारलं, "सर, शहामृग आठे (इथे) व्हता का?" व्हता म्हटलं. आता फाका मोजतोय, पुढच्या आठवड्यात धुळ्याला फोन करतो.