घंगाळ, तस्त की बेसिन?

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधली एक कथा मराठीत आणते आहे. निजायच्या खोलीत लाकडी स्टँडवर निळ्या-पांढऱ्या नक्षीचा मोठा जग आणि पसरट भांडं ठेवलेलं असतं. नोकराणी जगात पाणी भरते, मालकीण भांड्यात तोंड धुते. मूळ शब्द यूअर आणि बेसिन. 'बेसिन' तसंच ठेवलं तर वाचकाला भिंतीवरचा नळ दिसतो. 'घंगाळ' चालेल का?

— घंगाळ नको. ते तांब्या-पितळेचं, दोन कड्यांचं. शिवाय त्यातलं पाणी स्वच्छ असतं, आपण तांब्याने अंगावर घेतो. 'तस्त' बघा, मूळ फारसी तश्त. हात धुवायला पुढे धरायचं ते.

— ताई, तस्तातही अडचण आहेच. त्यात पडतं ते वापरलेलं पाणी. इंग्रज मात्र साठवलेल्या पाण्यातच हात बुडवून तोंड धुणार, म्हणजे घंगाळ आणि तस्त एकाच भांड्यात! आपल्याला वाहतं पाणी लागतं, म्हणून असं भांडं नाही आणि शब्दही नाही. हिंदुस्थानातले साहेब लोक 'चिलमची' म्हणत, पण मराठी वाचकाला त्यात चिलीमच दिसेल. मी तस्तच घेईन. जगाला सुरई म्हणू नका, सुरईची मान अरुंद. याला रुंद चोच आणि कान असतो.

— नक्षीबद्दल: 'हाताने रंगवलेलं' लिहू नका. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, त्यात कोबाल्टची निळी शाई भरून पातळ कागदावर छापायचं, तो कागद भाजलेल्या भांड्यावर घासून चिकटवायचा आणि पाण्याने सोडवायचा. मग वरून झिलई, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या जोसाया स्पोडने 1784 च्या सुमारास हे तंत्र पक्कं बसवलं. निळाच का, तर सुरुवातीला झिलईखाली भट्टीचा ताव सोसणारा भरवशाचा रंग तोच होता. कडेच्या वेलबुट्टीत कागदाचा जोड कधीकधी चक्क दिसतो. 'छापील नक्षी' पुरे. 'चिनी माती' मात्र बेलाशक वापरा. ही भांडी पोर्सलीनची, म्हणजे खऱ्या चिनी मातीची, नसली तरी मराठीत आपण बरणीलाही तेच म्हणतो.

— आभार! 'निळ्या छापील नक्षीचं चिनी मातीचं तस्त' ठरलं. पण त्याच सेटमध्ये, त्याच नक्षीचं, पलंगाखाली ठेवायचं एक भांडं आहे...

— 'मूत्रपात्र' नको, दवाखाना आठवतो. 'पलंगाखालचं भांडं' एवढंच लिहा, कळतं.